जाताना नंबर दारावरच ठेवा

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या वहिनीवर. साल १९८८, पितृपक्षातला सोमवार, दुपारचे सव्वादोन. जागा मालाड पूर्वेला, आमच्या टेकडीच्या पायथ्याशी, वाण्याचं दुकान. वहिनी साखर आणायला गेली होती. वाणी पुडी बांधत होता, वहिनी उगाच वर बघत होती, तर छताला टांगलेल्या तारेत जुन्या चिठ्ठ्या टोचलेल्या असतात ना, त्यांच्या गठ्ठ्यात तिला स्वतःचं नाव दिसलं. खाकी पाकीट, सरकारी शिक्का. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं. मुलाखत त्याच सोमवारी, सकाळी अकरा वाजता, फोर्टात.

साखर काउंटरवर तशीच ठेवून ती टेकडी चढून आली आणि माझ्या दारात उभी राहिली. "बघ गं, आलंय," म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. तिचं वय आणखी एकाच वर्षी बसत होतं. म्हणजे उरली एकच संधी, तीही पत्र वेळेवर आलं तर.

मी तेव्हा वीस वर्षांची. आमच्या युवा संघटनेत पत्रकं लिहायचे. नळ, संडास, रेशनचं रॉकेल, विषय कुठलाही द्या, अर्ध्या तासात पत्रक तयार. मला शिकवलं होतं ते असं: अन्याय कोणावर आणि कधी झाला ते पहिल्या ओळीत, गुन्हेगार कोण ते दुसऱ्या ओळीत, आणि मागणी शेवटी, वाचणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून. पहिली आणि शेवटची ओळ मला अजून जमते. दुसऱ्या ओळीत मी त्या खेपेला माती खाल्ली.

कारण गुन्हेगार समोरच दिसत होता. नवा पोस्टमन. आमचे जुने पोस्टमनकाका श्रावणात रिटायर झाले होते. त्यांच्या हातून एक कार्ड कधी चुकलं नाही. हा आला आणि दोन महिन्यांत टपालाची वाट लागली. त्याच संध्याकाळी मी स्टेन्सिल कापलं. "टपालाचा खेळखंडोबा थांबवा! बेपर्वा पोस्टमनची बदली करा!" सकाळी पत्रक वस्तीभर चिकटलेलं. वाण्याच्या शटरवर एक, नळावर एक, मंडळाच्या फळ्यावर दोन.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. सांगलीकडचा सडपातळ माणूस, खांद्यावर झोळा, खिशात माझं पत्रक नीट घडी घालून.

"हे तुम्ही लिहिलंय ना ताई?"

"हो, मीच. का?"

"चांगलं लिहिलंय. बेपर्वा शब्द विशेष आवडला." त्याने झोळ्यातून एक अंतर्देशीय काढलं. "आता एवढं करा. मला ब्याण्णव नंबर दाखवा."

माझा जन्म या टेकडीवरचा. प्रत्येक घरातली भांडणं मला पाठ. पण ब्याण्णव?

"नाव सांगा ना," मी म्हणाले.

त्याने आडनाव सांगितलं. आमची अर्धी वस्ती कोकणातल्या दोन गावांतून आलेली, त्यातल्या एका गावात सगळे त्याच आडनावाचे.

"एक्क्याण्णव खाली मुतारीपाशी," तो म्हणाला. "त्र्याण्णव पार वर टाकीपाशी. ब्याण्णव कुठाय ते तुम्ही सांगायचं, मग मी बदली घेतो. आनंदानं घेतो."

त्या दिवशी मी त्याच्याबरोबर हिंडले. दुपारी दोन वाजता ब्याण्णव सापडलं, एकशे साठ आणि एकतीसच्या मधे. तोवर माझ्या पायांचे तुकडे पडले होते आणि पत्रकातली दुसरी ओळ मला तोंडपाठ असूनही म्हणवत नव्हती.

आमचे नंबर कसे पडले ते सांगते. वस्ती बसली तेव्हा मंडळाने एक वही घातली. जो येईल त्याचं नाव वहीत, नावापुढे पुढचा आकडा. खोली कुठे बांधली ते वहीत नाही. वही होती सात नंबरच्या आजोबांकडे. ते मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, मंडळाचे कायमचे अध्यक्ष. आकडा पत्र्याच्या पाटीवर रंगवून दारावर ठोकायचा. इथवर ठीक. पण लहान आकडा म्हणजे जुना माणूस, जुना माणूस म्हणजे मान. त्यामुळे खालची खोली सोडून वर गेलं, वरची सोडून मागे गेलं, तरी पाटी कोणी मागे ठेवत नसे. आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे आधी देव उचलायचे, मग पाटी, मग भांडी. खाली जो नवा येईल त्याला वहीतला शेवटचा आकडा. वहिनीचंही तेच झालं होतं. चैत्रात ती खालच्या गल्लीतून आमच्या शेजारी आली, एकशे त्रेचाळीसची पाटी दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, काखेत मारून आणली. पोस्टमनला खाली एकशे बेचाळीस दिसलं, एकशे चव्वेचाळीस दिसलं, मधल्या दारावर दोनशे सहा. त्याने दोनशे सहाला विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, वाण्याकडे ठेवा, सगळे येतात तिथे.

आता सांगा, कोणाचा धिक्कार करायचा?

पत्रकं मी स्वतः ओल्या फडक्याने खरवडून काढली. पोस्टमनची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या, एक राहू दे वाण्याकडचं." आणि तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी आला की हाळी द्यायचा, "बेपर्वा आला होऽ!" बायका हसत बाहेर यायच्या. माझी जिरवायची ही त्याची पद्धत, आणि मला ती आवडायला लागली.

माझ्या डोक्यात उपाय सोपा होता. जुन्या काकांच्या डोक्यातली यादी कागदावर उतरवायची. एका रविवारी मी आणि बेपर्वा खारदांड्याला त्यांच्या घरी गेलो. काका कोळी. ओट्यावर बसले होते, समोर वलांडीवर बोंबील वाळत होते. आम्ही वही उघडली. काकांनी डोळे मिटले आणि बसल्या जागेवरून आमची टेकडी चढायला लागले. "एक, नळासमोर. दोन, तो वर गेला, पिंपळाच्या मागे. तीन तिथेच आहे..." मी लिहीत होते. असं वाटत होतं की त्यांचे पाय आत्ता पायऱ्यांवर आहेत. एकशे साठपर्यंत आले, एकशे एकसष्टला अडखळले.

"तो गेला का रे टाकीकडे? जायचं म्हणत होता."

"गेला," बेपर्वा म्हणाला. "दसऱ्याला."

काकांनी डोळे उघडले. "मग काय उपयोग गं पोरी? हे पाठ करायला मला एकोणीस वर्षं लागली. महिन्याला दोन घरं हलायची, मी रोज डोक्यात दुरुस्त करायचो. पन्नास घरं होती तेव्हा मजा होती. दोनशे झाली तेव्हा जेवताना पण तेच. बायको बोलायची, मी म्हणायचो, थांब, एकशे बारा कुठे गेला ते आठवतोय." ते माझ्या वहीकडे बघून हसले. "तुझी शाई वाळायच्या आत कोणीतरी पाटी उचललेली असेल."

परत येताना मी वही पुन्हा चाळली. आम्ही सगळे काकांना हुशार म्हणायचो. ते हुशार होतेच. पण एका माणसाच्या हुशारीवर आम्ही दोनशे घरांचा आळस एकोणीस वर्षं लादला होता, आणि त्याबद्दल मी कधी पत्रक काढलं नव्हतं.

दिवाळीला मुलुंडहून आतेभाऊ आला. तो एका कॉम्प्युटर लॅबमध्ये टेक्निशियन. तेव्हा देशातल्या काही संस्थांचे कॉम्प्युटर एकमेकांना तारांनी जोडायचं काम सुरू झालं होतं, आणि तो त्यातच बुडालेला असे. घरात त्याचं कोणी ऐकायचं नाही. माझी वही त्याने सहज चाळली आणि चकली हातात तशीच धरून हसायला लागला.

"काय झालं रे?"

"अगं, हे तर आमचंच दुखणं. प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो. आयपी ॲड्रेस म्हणतात. त्याचे दोन भाग. पुढचा भाग सांगतो कुठल्या संस्थेचं जाळं, मागचा सांगतो त्यातलं कुठलं यंत्र."

"मग तुमचं तर बरं आहे. आमच्याकडे तेवढंही नाही."

"अर्धंच बरं. संस्थेच्या आत ठीक चालतं. पण संस्थेचा नंबर मिळतो अमेरिकेतल्या एका कचेरीतून, अर्ज येईल त्या क्रमाने. एक नंबर आपल्याला, पुढचा जपानातल्याला, त्याच्या पुढचा कुठल्या जर्मन कॉलेजाला. आकडे शेजारी शेजारी, घरं सातासमुद्रापार. तुमच्या आजोबांची वहीच ती."

"आणि पोस्टमन कोण?"

"चौकाचौकात यंत्रं असतात. कोणी गेटवे म्हणतं, कोणी राउटर. आलेलं टपाल बघायचं आणि योग्य तारेवर टाकायचं, एवढंच काम. पण नंबरवरून दिशा कळत नाही ना. म्हणून प्रत्येक जाळ्याची एक वेगळी ओळ पाठ ठेवायची. हा नंबर या तारेवर, तो त्या. दोघांची मिळून एक ओळ करताच येत नाही, कारण शेजारचा आकडा भलत्याच दिशेला."

"आत्ता चालतंय ना पण?"

"झकास चालतंय, कारण जाळी थोडी आहेत. पन्नास घरांची मजा." हे त्याला मीच मघाशी सांगितलं होतं. "वाढली की यादी वाढणार. यंत्राची मेमरी भरणार. आणि कुठे एक तार तुटली, नवी जोडली, की ती बातमी सगळ्या चौकांना कळवायची. सगळ्यांनी आपापली यादी दुरुस्त करायची. यंत्र टपाल टाकेल की दिवसभर बातम्याच ऐकेल?"

"जेवताना पण तेच," मी म्हणाले.

"तेच."

"मग करायचं काय?"

"नंबर जागेवरून द्यायचे. एका भागातल्या सगळ्यांचे पुढचे आकडे सारखे. मग लांबच्या चौकाला एक ओळ पुरते: या आकड्यांनी सुरू होणारं सगळं त्या बाजूला टाक, पुढचं तिकडचे बघतील. पिनकोड नाही का? दिल्लीत टपाल निवडणाऱ्याला मालाड कुठे ते माहीत असायचं काही कारण नाही. त्याने मुंबईच्या थैलीत टाकलं की तो सुटला."

"एवढं सोपं आहे तर करत का नाहीत?"

"तिकडेही काहीजण बोलायला लागलेत. पण नंबर मिळालेला सोडतो कोण? सोडायचा म्हणजे सगळ्या यंत्रांवर बदलायचा. आणि दुसऱ्या तारेवर गेला तरी म्हणतो, नंबर माझा, मी घेऊन जाणार." त्याने शेवटी चकली तोंडात टाकली. "तुमच्यासारखंच. आधी देव, मग पाटी."

मी त्याच दुपारी दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत वहिनी. दुसऱ्या ओळीत या वेळी लिहिलं, "गुन्हेगार आपण सगळे, मीसुद्धा." तिसरीत योजना. टेकडीला पाच गल्ल्या, नाक्याकडून मोजायच्या. पाटीवर आधी गल्लीचा आकडा, मग दाराचा. गल्लीत नवी खोली आली तर त्या गल्लीपुरता एक आकडा वाढेल, बाकी चार गल्ल्यांना पत्ता लागायचं कारण नाही. घर बदललं तर पाटी दारावरच राहील.

शेवटच्या वाक्यावर वस्ती पेटली. रेशनकार्डाचं काय? शाळेच्या दाखल्याचं काय? त्याला उत्तर होतं: वर्षभर जुना आकडा खाली बारीक अक्षरात लिहायचा, तोवर कार्डं बदलून घ्यायची. कटकट होती, खोटं कशाला बोलू. माझ्या आईनेच मला ऐकवलं, "तुझ्या पत्रकापायी मी रेशनिंग ऑफिसात दोनदा उभी राहू होय गं?" राहिली मात्र. पहिली तीच राहिली.

खरी अडचण सात नंबरची. सभेत आजोबा उठले.

"काय गो चेडवा, नंबर तुझ्या पत्रकान दिलो? मी दिलंय सगळ्यांका. मी इलंय तेव्हा हंय कोल्हे होते. सात माझो आसा."

"आजोबा, तुमचं दार तिसऱ्या गल्लीत. तीन आधी येणार."

"येवंदे तीन. पण पुढे सात होयो. नायतर पाटी काढूची नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ठरलं होतं की प्रत्येक गल्लीतली दारं टाकीकडून मोजायची. टाकीकडून आजोबा चौतिसावे. मी आणि वहिनी त्या संध्याकाळी तिसऱ्या गल्लीत जाऊन दुसऱ्या टोकाकडून, नळाकडून, मोजून आलो. सहावे! एकाने हुकलं. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी. मग तिचं लक्ष मधल्या बंद कोठीकडे गेलं. मंडळाच्या गणपतीचे बांबू, ताडपत्री, एक मोडका लाउडस्पीकर, एवढंच तिथे राहतं.

"हे दार नाही का गं?" ती म्हणाली.

"दार तर आहे."

"मग याला नंबर नको? उद्या इथे कोणी राहायला आलं तर?"

अशा रीतीने बांबूंना तीन-चार मिळाला आणि आजोबांना तीन-सात. पाचही गल्ल्यांतली दारं नळाकडून मोजायची असा ठराव झाला. तत्त्वाला धरून नव्हतं हे, आणि मी तत्त्वाची मुलगी. पण सगळ्यांनी दार सोडून फक्त आकडा धरला होता तिथे एका म्हाताऱ्याला दार आणि आकडा दोन्ही देता येत असतील तर द्यावेत, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. बांबूंना अजून एकही पत्र आलेलं नाही. मतदार यादीवाल्यांनी मात्र एकदा बराच वेळ दार ठोठावलं.

पाट्या वहिनीने रंगवल्या. तिचं अक्षर सुरेख. बेपर्वा सुटीच्या दिवशी येऊन जुने खिळे उपटायचा. संक्रांतीपर्यंत टेकडी नवी झाली. वहिनीचं दार चार-अकरा, आमचं चार-दहा. तिने पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा लेखी परीक्षा दिली, पुन्हा पास झाली. पत्त्यात लिहिलं चार-अकरा. जुना आकडा लिहू का, असं तिने मला विचारलं. मी म्हणाले, नको. म्हणाले खरी, पण शेवटची संधी तिची होती, योजना माझी.

मग चैत्रात काय झालं, तर आमचा बेपर्वा लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेला. मला हे कळलं तेव्हा मी नळावर होते. हंडा तसाच ठेवून पोस्टात धावले. तिथले बाबू म्हणाले, बदली माणूस लावलाय. कोण? कांदिवलीहून आलाय. आमची टेकडी कधी बघितली आहे? नाही. मी त्यांना नकाशा काढून देऊ लागले. ते म्हणाले, "बाई, पाट्या तुम्हीच बदलल्यात ना? मग आता विश्वास ठेवा."

एका बुधवारी सकाळी मी भाजी निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी हाळी आली नाही. चपलांचा आवाज आला, कुठेच न थांबता. एक अनोळखी, घामेजलेला माणूस. आमच्या दारावर नजर टाकून पुढे गेला, वहिनीच्या दारावरची पाटी पाहिली, पाकीट आत सरकवलं आणि निघाला. कोणाला काही विचारलं नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"अहो, सापडलं कसं?" मी ओरडले.

त्याने वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच येडी. "चौथी गल्ली, अकरावं दार. त्यात सापडायचं काय?"

मुलाखतीला आठ दिवस बाकी होते. वहिनीने पाकीट फोडलं, तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले, पुन्हा मोजले, आणि मग रडली. दादाने आम्हा सगळ्यांना चहा केला. साखर जास्त पडली होती, तरी सगळ्यांनी संपवला.

आज ती एक्सचेंजमध्ये आहे. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. परवा सांगत होती, फोनच्या नंबराचे पहिले आकडे म्हणजे एक्सचेंज. कोणी अंधेरीहून बोरिवलीला राहायला गेला की नंबर बदलतो आणि गिऱ्हाईक तिच्यावर भडकतं: माझा जुना नंबर मला द्या! "मी म्हणते, साहेब, तो तुमचा नाही, त्या जागेचा आहे," वहिनी म्हणाली. "आणि मनात म्हणते, आजोबा, बसा."

सात नंबरचे आजोबा संध्याकाळी तीन-सातच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसतात. वही अजून त्यांच्याकडेच आहे. आता ती गल्लीवार आहे.

तर आता मागणी. ही तुमच्याकडे आहे, हा कागद हातात धरून बसलेल्या तुमच्याकडे. घर बदलाल तेव्हा स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा आणि पाटी दारावर राहू द्या. वस्तीत, सोसायटीत, मंडळात नंबर वाटायचं काम तुमच्याकडे असेल तर वही बंद करा, बाहेर जा, आणि दारं जिथे आहेत तिथे उभं राहून मोजा. आणि माझ्या आतेभावासारखे तारा जोडणारे तुम्ही असाल, तर अमेरिकेतल्या त्या कचेरीला पुढचा रिकामा नंबर मागू नका. आपल्या शेजाऱ्याचा नंबर कुठून सुरू होतो ते विचारा, आणि त्याला लागून असलेला घ्या. तुमची तारांची वस्ती अजून लहान आहे. आजच विचारा.